सर, मग माझे अब्बा तरी खरे होते का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा सुटली होती आणि आम्ही स्टाफरूममध्ये वह्यांचा गठ्ठा पुढे घेऊन बसलो होतो. दहावीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. शंका विज्ञानाच्या तासाची होती, पण ती आली आमच्याकडे. भाषेच्या शिक्षकाला वेळ असतो, असा मुलांचा एक जुना गैरसमज आहे.

त्या दिवशी वर्गात डोळा शिकवला होता. दृष्टिपटल, दंडाकार पेशी, शंक्वाकार पेशी. बाहेर रंग नावाची वस्तू नसते, असतो तो प्रकाश; सुमारे ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्यात शिरला की मेंदूत ‘तांबडा’ ही जाणीव तयार होते, असे शिक्षकांनी सांगितले होते आणि बरोबरच सांगितले होते. मुलीने ते वहीत नीट उतरवून घेतले होते.

“सर, रंग बाहेर नाही, डोक्यात आहे. मग वास पण डोक्यातच, आवाज पण. बाहेर उरलं काय?”

आम्ही हसून काहीतरी उत्तर देणार, एवढ्यात ती खाली बघत म्हणाली, “सगळं डोक्यातच असेल, तर मग माझे अब्बा तरी खरे होते का?”

तिचे अब्बा ती नववीत असताना, दिवाळीच्या सुट्टीनंतर वारले. रिक्षा चालवायचे. तिला सोडायला आले की फाटकाबाहेर रिक्षा थांबवून, ती वर्गात दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे; आम्ही रोज पाहत होतो. आम्ही म्हटले, “बेटा, उद्या सांगतो.” ती मान हलवून गेली. नंतर त्याच गठ्ठ्यात तिची वही हाती आली. ‘माझे ध्येय’ या विषयावर निबंध दिला होता. तिने विषय लिहून त्याखाली पट्टीने दोन रेघा ओढल्या होत्या. पुढचे पान कोरे होते. तेव्हा आमच्या लक्षात आले की दारात तिने एक नव्हे, दोन प्रश्न विचारले होते, आणि दुसरा तिने तोंडाने उच्चारलाच नव्हता.

‘उद्या’ यायला दीड महिना लागला.

या प्रश्नाशी आमची तोंडओळख तशी जुनी आहे. बी.एड.ला ‘शिक्षणाचे तात्त्विक अधिष्ठान’ शिकताना आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद अशी तीन-चार नावे पाठ केली होती. आदर्शवाद म्हणजे प्लेटो, फ्रोबेल, सत्यं शिवं सुंदरम्, आणि शिक्षक हा माळी. एवढे लिहिले की गुण मिळत. आता वाटते, त्या नावानेच आम्हाला फसवले. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘कल्पना’ आहे, आणि मराठीत आम्ही वाचला ‘आदर्श’. मग आदर्शवादी म्हणजे खादी घालणारा, लाच न घेणारा मनुष्य असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले. मराठी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ‘चिद्वाद’ असा नेमका शब्द आहे. उर्दूत ‘तसव्वुरियत’ म्हणतात, काही लेखक ‘ऐनियत’ म्हणतात. अर्थ साधारण असा: जगाच्या मुळाशी माती-दगड नाही, मन आहे, ज्याला आपण वस्तू म्हणतो ती जाणिवेबाहेर स्वतंत्रपणे उभी नाही.

हे अतिरेकी वाटणारे मत सर्वांत ठामपणे मांडले ते आयर्लंडच्या जॉर्ज बर्कली यांनी. जन्म १६८५, आणि ज्या पुस्तकामुळे नाव झाले ते १७१० सालचे, म्हणजे वय अवघे पंचवीस. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. सफरचंद म्हणजे काय? लाल रंग, गोल आकार, एक वास, एक चव, हाताला लागणारा गुळगुळीतपणा. यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी जाणिवेत आहे. या सगळ्या काढून घेतल्यावर मागे जे ‘जड द्रव्य’ उरते असे विद्वान म्हणतात, ते कुणी पाहिले? कुणी चाखले? मग ते आहे तरी कशावरून? आमच्या विद्यार्थिनीने एका तासात गाठले ते ठिकाण नेमके हेच.

इंग्लंडमधले प्रसिद्ध कोशकार डॉ. जॉन्सन यांना १७६३ साली हारविच गावी कुणी म्हणाले की बर्कलींचे मत पटत नाही, पण खोडताही येत नाही. जॉन्सन यांनी चर्चबाहेरच्या एका मोठ्या दगडाला सणसणीत लाथ मारली आणि म्हणाले, हे घ्या, खोडले. ही गोष्ट वाचून आम्हीही एकेकाळी खूश झालो होतो. पण लाथ मारल्यावर जॉन्सन यांना मिळाले काय? पायाला लागलेला कठीणपणा आणि ठणका. म्हणजे पुन्हा जाणीवच! बर्कली कधी म्हणालेच नव्हते की दगड नाही. दगड आहे, कठीण आहे, लागतो, टेबल टेबलच आहे. त्यांचे भांडण होते ते जाणिवेच्या पाठीमागे लपलेल्या, कुणालाही न दिसणाऱ्या त्या ‘द्रव्या’शी. आणि खोलीत कुणी नसताना टेबलाचे काय होते, यावर त्यांचे उत्तर होते की खुदा पाहतो आहे. ते ख्रिस्ती धर्मगुरू होते, १७३४ पासून क्लॉइनचे बिशप.

थोडे विषयांतर. हेच बर्कली बर्म्युडा बेटावर कॉलेज काढायला निघाले होते. ब्रिटिश संसदेने १७२६ साली २०,००० पौंडांचे अनुदान मंजूर केले. त्या भरवशावर ते समुद्र ओलांडून अमेरिकेत ऱ्होड आयलंडला गेले, शेत घेतले, घर बांधले आणि जवळजवळ तीन वर्षे वाट पाहत बसले. अनुदान आले नाही. १७३१ साली ते परत फिरले. शेत आणि पुस्तके येल कॉलेजला देऊन टाकली. ‘मंजूर’ आणि ‘जमा’ या दोन शब्दांतले अंतर आम्हा शिक्षकांना वेगळे समजावून सांगायला नको.

बर्कली बुद्धीला पटतात, आजही. पण त्या कोऱ्या पानाशी त्यांचा संबंध काय, हे काही आम्हाला लागेना. तेव्हा कपाटातून इमाम गजाली (रह.) यांचे ‘अल-मुन्किज मिनद्-दलाल’ काढले, उर्दू तर्जुमा. पुस्तक छोटे आहे. इमामांनी वयाच्या पन्नाशीनंतर स्वतःच्या शोधाची कहाणी त्यात सांगितली आहे, आणि बर्कलींच्या सहाशे वर्षे आधी त्यात तोच प्रश्न येऊन गेला आहे.

तरुणपणी त्यांनी ठरवले की जे संशयापलीकडे आहे तेवढेच ज्ञान मानायचे. आधी डोळ्यांची परीक्षा घेतली. सावली बघावी तर थांबलेली दिसते. तासाभराने पाहावे तर ती सरकलेली असते, म्हणजे ती कधी थांबलीच नव्हती. तारा दिसतो दीनारच्या नाण्याएवढा, आणि भूमिती सिद्ध करते की तो पृथ्वीपेक्षा मोठा आहे. डोळे खोटे ठरले. मग बुद्धीचा आधार घ्यावा, तर डोळ्यांनीच जणू विचारले: आमचा खोटेपणा बुद्धीने उघडा केला, बुद्धीच्या वर आणखी एखादा न्यायाधीश असेल आणि तो तिचा खोटेपणा उघडा करील, तर? स्वप्नात जे दिसते ते स्वप्न चालू असेपर्यंत खरेच वाटते. मग हे जागेपणही कशावरून स्वप्न नाही? इमाम लिहितात की ही अवस्था जवळजवळ दोन महिने टिकली. त्यातून ते एखाद्या युक्तिवादाने बाहेर पडले नाहीत. अल्लाहने छातीत टाकलेल्या एका प्रकाशाने बाहेर पडलो, असे ते म्हणतात, आणि या मुद्द्यावर फार रेंगाळत नाहीत.

गजालींना चिद्वादी म्हणणे चूक ठरेल. बाहेरचे जग जाणिवेत विरघळून टाकणे हा त्यांचा मार्ग नव्हता. आम्हाला दिसली ती वेगळीच गोष्ट. ‘जग खरे आहे का?’ हा एवढा भयंकर प्रश्न त्यांनी दोन महिन्यांत मागे टाकला. त्यांना खरोखर आडवे पाडले ते पुढे, दुसऱ्याच प्रश्नाने.

साल १०९५, शहर बगदाद. गजालींचे वय सदतीसच्या आसपास. चार वर्षांपूर्वी वजीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक नेमले होते. त्या काळच्या इस्लामी जगात याहून मानाची नोकरी शोधून सापडली नसती. समोर तीनशे विद्यार्थी, दरबारात शब्दाला किंमत, गावोगावी नाव. आणि या माणसाने एके दिवशी स्वतःला विचारले की आपण हे शिकवतो आहोत ते कशासाठी? प्रामाणिक उत्तर आले ते असे: नीयत खालिस नाही, अल्लाहसाठी नाही, मरतब्यासाठी आणि नावासाठी चालले आहे. (उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना आमची इथे नेहमी गंमत होते. मुलांना ‘नीयत’ सांगावी, तर मराठी तासाची मुले ‘नियती’ लिहून ठेवतात. एक आपल्या हातात, दुसरी मुळीच नाही.)

उत्तर कळले, पण पाय निघेना. सकाळी ठरवायचे की बगदाद सोडायचे, संध्याकाळी मन फिरायचे. रजबपासून जवळजवळ सहा महिने हे चालले. मग शरीरानेच निकाल दिला. जीभ अडकली. वर्गात जाऊन बसावे, विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द बोलावेत असे वाटे, आणि तोंडून एक अक्षर फुटत नसे. घोट गळ्याखाली उतरेना, घास पचेना. तबीब आले, त्यांनी हात टेकले. दुखणे काळजातून उतरले आहे, मनाचे ओझे हलके झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असे सांगून गेले.

हे पान आम्ही तीनदा वाचले असेल. आमच्याही नोकरीला एकोणीस वर्षे झाली. दरवर्षी जूनमध्ये शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लागतो, खाली आमचेही नाव असते, आणि ते आम्हाला आवडते. उगाच खोटे कशाला बोला? पण त्या रात्री तो फलक आणि ते कोरे पान एकदमच डोळ्यांपुढे येऊ लागले. ज्या मुलीला ध्येयावर एक ओळ सुचत नाही, तिलाही आम्ही त्या शंभर टक्क्यांत मोजणार होतो.

इमामांनी शेवटी संपत्ती वाटून टाकली, मुलाबाळांना पुरेल एवढे मागे ठेवले, मक्केला जातो असे जाहीर केले आणि मनात ठरवल्याप्रमाणे शामची वाट धरली. दमास्कसमध्ये जवळजवळ दोन वर्षे राहिले. तिथल्या मोठ्या मशिदीच्या मिनारात चढायचे आणि दिवसभर दार लावून घ्यायचे. मग बैतुल मुकद्दस, मग हज. पुढे मुलांच्या ओढीने त्यांना घरी परत आणले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. अशी अकरा वर्षे गेली.

हा भाग आम्ही घरी मोठ्याने वाचून दाखवत होतो. बेगम भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, “आणि बायकोने काय केलं तेवढी वर्षं? तिची जीभ नाही अडकली?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि पुस्तकातही नाही. तिनेही एखादे ‘मुन्किज’ लिहिले असते, तर ते वाचायला आम्ही पहिले धावलो असतो. राहिला आमचा दमास्कसला जाण्याचा प्रश्न. तो घराच्या हप्त्यांनी परस्पर सोडवलेला आहे.

पण ११०६ साली गजाली पुन्हा शिकवायला लागले. नीशापूरला, तसल्याच एका निजामिया मदरशात. लोक म्हणाले, परत आले. त्यावर ते जे म्हणतात त्यासाठी आम्ही या पुस्तकाचे कायमचे ऋणी आहोत. त्यांचा आशय असा, की वरवर पाहता मी परतलो, पण हे परतणे नव्हे. तेव्हा मी मरतबा मिळवून देणारी विद्या शिकवत होतो, आता मरतबा सोडायला लावणारी शिकवतो. मदरसा तोच, फळ्यावरचे धडेही फार निराळे नसतील. जग जसे होते तसेच होते. दगड दगड, तारा तारा. बदलले होते ते फक्त ‘कशासाठी’.

म्हणजे जग मनाचे बनले आहे की मातीचे, याचे उत्तर मिळाले तरी कोऱ्या पानावर आपोआप काही उमटत नाही. याची दुसरी खात्री आम्हाला अल्लामा इक्बाल यांच्या चरित्रात सापडली. आमच्या शाळेत रोज सकाळी मुले ‘बच्चे की दुआ’ म्हणतात, ती लिहिणारे इक्बाल १९०५ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकायला गेले. तिथे त्यांचे एक गुरू होते मॅकटॅगार्ट. पक्के चिद्वादी. तीन चाकांच्या सायकलवरून फिरायचे आणि वाटेत मांजर भेटली तर तिला सलाम करायचे, अशी त्यांची ख्याती. त्यांच्या मते काळसुद्धा खरा नाही. त्यावरचा त्यांचा निबंध १९०८ सालचा, आजही विद्यापीठांत वाचला जातो. बर्कलींप्रमाणे यांच्याही मते जगात मुळात केवळ आत्मे. पण हे गृहस्थ खुदाला मानत नव्हते! आणि गंमत अशी, की आत्मा अमर आहे, आणि एका आत्म्याला दुसऱ्याशी जोडते ते प्रेम, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. एकच मत, त्या आधारावर एक बिशप झाले, दुसरे नास्तिक राहिले. गणिताच्या शिक्षकांना हे पटणार नाही, पण इथे एकाच समीकरणातून दोन उत्तरे निघतात.

इक्बाल पुढे गुरूपासून दूर गेले. ‘असरारे खुदी’चा निकल्सन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२० साली निघाला, तेव्हा मॅकटॅगार्ट यांनी पत्र लिहून विचारले की तुमचे मत फारच बदलले की, आपण गप्पा मारायचो तेव्हा तुम्ही कितीतरी अधिक सूफी होता. मत बदललेच होते. मद्रास, हैदराबाद, अलीगढ इथे दिलेली इक्बालांची व्याख्याने १९३० साली पुस्तकरूपाने आली. त्यांत बर्कलींचे नाव आदराने येते, जड द्रव्याच्या कल्पनेला पहिला धक्का देणारे म्हणून. पण इक्बालांसाठी काळ खरा आहे, कृती खरी आहे आणि अमरत्व हा जन्मसिद्ध हक्क नाही. ते कमवावे लागते. थोडक्यात, खुदी ही वारशाने मिळालेली जमीन नाही, कसायची आहे.

एवढे सगळे वाचून झाल्यावर आम्ही शेवटी त्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावले. गजाली, मॅकटॅगार्ट वगैरे काही सांगितले नाही. फक्त बर्कलींची एक युक्ती घेतली. जाणिवा दोन प्रकारच्या, असे ते म्हणतात. काही मी मनात आणीन तशा येतात: मी आत्ता हत्ती कल्पू शकतो, त्याला निळा रंगवू शकतो. पण भर दुपारी डोळे उघडल्यावर काय दिसावे, हे माझ्या हातात नाही. जे माझ्या मर्जीने चालत नाही, ते माझ्या मनाने बनवलेले नाही. त्यामागे दुसरे कुणीतरी आहे. सगळे मनच आहे असे म्हणणारा माणूससुद्धा ‘सगळे माझेच मन आहे’ असे म्हणत नाही.

“बेटा, एक सांग. अब्बा तुझ्या मनासारखं वागायचे का?”

ती पहिल्यांदाच हसली. “नाही ओ सर! कधीच नाही.”

“उदाहरण?”

“नववीत जाताना मला पांढरे बूट हवे होते. पट्ट्याचे. त्यांनी काळे आणले. ते पण एक नंबर मोठे. मी रडले, जेवले नाही. तर म्हणाले, पुढच्या वर्षीपण चालले पाहिजेत.”

“मग? कल्पना असती तर तुझ्या नंबरचे पांढरे आणले असते ना?”

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने आम्हीच विचारले, “आणि ते बूट कुठे आहेत?”

“घातलेत,” ती म्हणाली आणि दोन्ही पाय थोडे पुढे केले. “आधी कापूस घालावा लागायचा पुढे. यंदा बरोबर बसतात.”

तिच्यासोबत आम्हीही त्या बुटांकडे बघत होतो. घंटा झाली. तिचा पुढचा तास गणिताचा होता आणि त्या तासाला उशीर चालत नाही, म्हणून ती पळाली.